रास्पबेरी पाय ४: लाल दिवा लागतो, हिरवा चार वेळा लुकलुकतो, पडदा काळाच

खटाटोप:
पाय ४ (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक), रॅम ४ जीबी. ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं आणि रास्पबेरी पाय ओएसची (त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) एक्सझेड, म्हणजे आकुंचित केलेली, फाइल उतरवून त्यावर टाकली. पॉवर दिली की लाल दिवा स्थिर; हिरवा चारदा लुकलुकतो, थांबतो, परत चारदा. मॉनिटरवर काही येत नाही. चार्जर मोबाइलचा, ५ व्होल्ट २ अँपिअर. बोर्ड उडाला का?

तांबडी_तार:
बोर्ड शाबूत आहे. हिरव्या दिव्याची भाषा ठरलेली असते: चार म्हणजे स्टार्ट फाइल (सुरुवातीला लागणारी फाइल) सापडली नाही, सात म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) सापडला नाही, आठ म्हणजे रॅममध्ये दोष. तुमचं चारवर अडलंय, आणि कारण तुमच्याच वाक्यात आहे: फाइल कार्डावर "टाकली".

इमेज (अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत असलेली फाइल) कॉपी करायची नसते, कार्डावर लिहायची असते. तिच्यात पार्टिशन टेबल (कार्डाच्या विभागांची यादी), बूटचं, म्हणजे सुरू होण्यासाठीचं, छोटं फॅट पार्टिशन आणि रूटचं, म्हणजे मुख्य सिस्टिमचं, ईएक्सटी४ पार्टिशन असं सगळं असतं. तुमच्या कार्डावर आत्ता फक्त एक गाठोडं पडलंय, बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) ते सोडत बसत नाही. रास्पबेरी पाय इमेजर या कार्ड लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तीच फाइल निवडा. एक्सझेड आधी उलगडायची गरज नाही, फॉरमॅटचीही नाही. लिहून झाल्यावर विंडोज "डिस्क फॉरमॅट करायची का?" विचारेल, तिथे रद्द करा. त्याला ईएक्सटी४ वाचता येत नाही म्हणून तो विचारतो. तिथे हो म्हटलं की केलेलं काम पुसलं जातं.

मॉनिटरची केबल दोन मायक्रो एचडीएमआयपैकी यूएसबी-सीच्या शेजारच्या पोर्टात लावा.

ओहमकार:
चार्जरही बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतो. चार्जिंगच्या बारीक केबलचा जाऊन-येऊन रोध पाव ओहम धरला, तरी दीड अँपिअरला ०.३८ व्होल्ट केबलमध्येच जातात. ५ मधून उरले ४.६२, आणि कमी व्होल्टेजची सूचना ४.६३ च्या खाली येते. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसलं तर समजून जा.

खटाटोप:
चार्जर बदलला, इमेजरने लिहिलं, पडताळणीही पास. आता बूट सुरू होतं, पण पहिल्याच वेळी एमएमसीबीएलके० (म्हणजे हेच कार्ड) आय/ओ एररच्या, वाचन-लेखनातल्या चुकांच्या, ओळींची रांग लागते आणि अडकतं. विजेचं चिन्ह नाही.

तांबडी_तार:
मग कार्डावर संशय. पडताळणी पास झाली म्हणून कार्ड खरं असं धरू नका. इमेजर फक्त लिहिलेला भाग परत वाचतो, आणि उलगडलेली इमेज जेमतेम काही जीबीची असते. कार्डात खरी जागा ८ जीबीच असेल आणि कंट्रोलर ३२ सांगत असेल, तरी ती पास होते. पहिल्या बूटला रूट पार्टिशन कार्डभर पसरवलं जातं, तेव्हा पितळ उघडं पडतं.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण कार्ड भरून परत वाचा. वेळ खातं, पण निकाल स्पष्ट असतो. त्याआधी कार्ड रिकामं करून एकच पार्टिशन ठेवा, नाहीतर छोट्या बूट पार्टिशनचीच चाचणी होईल.

खटाटोप:
७.४ जीबी ठीक, बाकी सगळं "लॉस्ट". नवीन कार्डावर नीट चालू झालं! आता मॉनिटर काढून एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकातून लॉगिन) करतोय, तर "कनेक्शन रिफ्यूज्ड".

ओहमकार:
"रिफ्यूज्ड" म्हणजे नेटवर्क ठीक आहे, पाय सापडला; फक्त एसएसएचची सेवा बंद आहे. "टाइम्ड आउट" आलं असतं तर वायफाय किंवा पत्ता तपासावा लागला असता. कार्ड संगणकात घाला आणि बूट पार्टिशनवर 'एसएसएच' नावाची रिकामी फाइल ठेवा (नाव इंग्रजीत, लहान अक्षरांत).

'पाय' हा युजर आणि ठरलेला पासवर्ड एप्रिल २०२२ पासून काढून टाकलाय, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका इथे चकवतात. मॉनिटर लावून पहिल्या बूटला जो युजर बनवला असेल, त्यानेच लॉगिन करा. पुढच्या वेळी इमेजरच्या सेटिंग्जमध्ये युजर, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच लिहिण्याआधीच भरा. वायफायचा देश निवडायला विसरू नका, तो नसेल तर रेडिओ बंदच राहू शकतो.