ई-कॉमर्ससाठी विद्यापीठात जायचं की थेट पॅकिंगला बसायचं?

जुळे_सोलापूरकर: पुतण्याचं बी.कॉम. झालं. आता ई-कॉमर्समध्ये दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करायची म्हणतोय. घरात दोन तट पडलेत. माझं मत, जरूर करावी. आपल्याकडे चादरी-टॉवेल ऑनलाइन विकायचे म्हणजे फोटो टाकायचे, एवढंच समजतात. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायला सांगितलंय. किती विक्रेत्यांना हे ठाऊक आहे?

चाटी_गल्ली: माझा साफ विरोध. दोन वर्षांत पोरगा माल पाठवून कितीतरी शिकेल. कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २० चा खोका म्हणजे ४.८ किलो. आत दोन किलोची चादर असली तरी भाडं ४.८ चं. घडी बदलून माल पिशवीत दाबून भरला की भाडं लगेच उतरतं. पॅकिंगला बसलेली पोरं हे एका दुपारीत शिकतात. कुठल्या पेपरात येतं सांगा?

वाणिज्य_शिक्षिका: पेपरात येत नाही, ही तक्रार रास्त आहे, यायलाच हवं. पण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही बाहेरचा माल त्याच नावाने ऑनलाइन खपतो, त्याचं काय? ते रोखायचं तर मानांकनाचा कायदा कळायला हवा, तक्रार नीट लिहिता यायला हवी. विणकराच्या पोटावर पाय येतोय हो, आणि घड्या बदलून तो निघणार नाही.

चाटी_गल्ली: मानांकनाचं पटलं. मग तेवढ्यासाठी सहा महिन्यांचा कोर्स करा की! बाहेरगावी ठेवायचं तर फी वेगळी, खोलीभाडं-मेस वेगळी. आणि कायदा बी.कॉम.ला झालेला असतोच.

जुळे_सोलापूरकर: झालेला असतो तो १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्रीचा. स्क्रीनवर बटण दाबून झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायद्यात येतो, कलम १०-अ. प्लॅटफॉर्म पैसे देताना जीएसटीचा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतून आधीच वळता केलेला कर, कापून घेतो, तो आपल्या खात्यात कसा जमा करून घ्यायचा, हे तर आमच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही.

वाणिज्य_शिक्षिका: प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागवून घ्या. परत येणारा माल, टीसीएस आणि मालवाहतूक त्यात नसेल, नुसतं वेबसाइट बनवणं असेल, तर फी भरू नका. मग मीही चाटी गल्लीच्या बाजूने.