शर्ली चिझम: उमेदवारीपलीकडचं काम
शर्ली चिझम या अमेरिकी संसदेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य. १९७२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीपलीकडे त्यांनी ठोस काय केलं, असा प्रश्न विचारला जातो. पुष्कळ केलं! १९५० च्या दशकात त्या न्यूयॉर्कमधल्या हॅमिल्टन-मॅडिसन बालसंगोपन केंद्राच्या संचालिका होत्या. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत (१९६५-६८) गरोदरपणामुळे खंड पडला तरी शिक्षिकांचे सेवाहक्क शाबूत राहावेत, यासाठी त्यांनी कायदा करून घेतला. 'सीक' योजनेला पाठबळ दिलं: गरीब वस्त्यांतल्या मुलांना कॉलेजप्रवेश, सोबत पैसे आणि पूरक शिकवणीही. मला हीच त्यांची सर्वांत मोलाची कामगिरी वाटते, कारण नुसत्या प्रवेशाने गळती थांबत नाही. संसदेत गेल्यावर त्यांनी लावून धरलेलं पाळणाघरांचं विधेयक मात्र १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या नकाराधिकाराने अडलं. घरकामगारांना किमान वेतन मिळावं यासाठीही त्या झटल्या; ते मिळालं १९७४ मध्ये.