कारला बाहेरचा एअर फिल्टर घ्यावा का? माझं मत : धुण्याचा कॉटन फिल्टर नको

घाटवाट

भाच्याने नुकतीच पहिली कार घेतली. लगेच फोन आला, "मामा, धुऊन परत वापरता येतो तो कॉटनचा फिल्टर टाकू का? दुकानदार म्हणतो पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही वाढतं." मी नको म्हणालो. का, ते इथे सविस्तर लिहितो, कारण हा अनुभव मी सहा हजार रुपये मोजून घेतला आहे.

माझी गाडी 1.2 लिटर पेट्रोल. कंपनीचा कागदी फिल्टर काढून तेल लावलेला कॉटनचा बसवला. आवाज जरा भारदस्त झाला आणि आवाजामुळे गाडी जास्त पळते असंही वाटायला लागलं. दीड वर्ष पुणे-सोलापूर फेऱ्या झाल्या, त्यात दर वेळी मोहोळच्या पुढे शेतापर्यंत चार किलोमीटर मुरमाचा रस्ता. मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करायला पाइप काढला आणि आतून बोट फिरवलं, तर बोटाला पिठासारखी बारीक धूळ. ही फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडची बाजू. तिथे धुळीचं काही काम नाही.

आता हिशोब बघा. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलो, म्हणजे हवा 11 किलो, म्हणजे जवळजवळ 9,000 लिटर. लिटरला 18 किलोमीटर देणारी गाडी दर किलोमीटरला 500 लिटर हवा ओढते. दहा हजार किलोमीटरला 50 लाख लिटर! एवढ्या हवेतली धूळ अडवायची हे फिल्टरचं पहिलं काम. पिकअप नंतर.

धरून चाला, एक फिल्टर 99 टक्के धूळ अडवतो आणि दुसरा 97. ऐकायला फरक दोनच टक्क्यांचा. पण आत जाते ती धूळ एक भाग की तीन भाग, असं मोजा. दुसऱ्या गाडीच्या पिस्टन रिंगांना तिप्पट धूळ खावी लागते. मुरमाची धूळ म्हणजे वाळूच्या जातीचे कण, लोखंड घासणारे.

टर्बोवेडा

दादा, तुमच्या अनुभवाबद्दल वाईट वाटतं, पण निष्कर्ष पटत नाही. धूळ फिल्टरमधून आली की फिल्टरच्या कडेने, हे तुम्ही तपासलं का? या फिल्टरची रबरी कड डब्यात नीट बसली नाही तर हवा बाजूने शिरते. कंपनी कडेला ग्रीस लावायला सांगते, आणि बसवणारे नव्वद टक्के लोक लावत नाहीत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

माझी 1.3 डिझेल, रीमॅप केलेली (म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलून जोर वाढवलेली), 70,000 किलोमीटर कॉटन फिल्टरवर. दर वेळी फिल्टर काढला की पाइपमध्ये पांढरा कपडा फिरवतो. कपडा स्वच्छ. फिल्टर पाण्याच्या उलट धारेने धुतो, सावलीत पूर्ण दिवस वाळवतो, मग चुण्यांवर तेलाची एकच बारीक रेघ. जास्त तेल ओतलं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि गाडी झटके देते, हे मान्य. पण तो हाताचा दोष झाला.

टर्बो गाडीला हवा जास्त लागते. खंबाटकी घाटात चार माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्या गियरवर चढताना फरक कळतो. शिवाय दर वेळी कागद फेकायचा नाही, हाही फायदाच.

घाटवाट

कडेचं मी तपासलं नव्हतं. प्रामाणिकपणे सांगतो, तो मुद्दा तुमचा.

पण जोराचं घ्या. चांगल्या स्थितीतल्या कागदी फिल्टरमुळे पूर्ण दाबलेल्या अॅक्सिलरेटरवर हवेचा दाब एखाद-दोन टक्के पडतो. फिल्टर पूर्ण काढून टाकला तरी मिळकत तेवढीच. मुंबईहून लोणावळ्याला चढलात की उंचीमुळेच दाब सात टक्क्यांच्या आसपास घटतो. ते घाटात आपल्या ध्यानातही येत नाही, मग एका टक्क्याचा फरक पाठीला कसा कळेल? तुमच्या गाडीचा जोर रीमॅपचा आहे.

आणि शहरात तर अॅक्सिलरेटर अर्धाही दाबलेला नसतो. पेट्रोल गाडीत तेव्हा थ्रॉटलची झडपच हवा अडवून धरते. तोटी अर्धी बंद असताना मागचा पाइप मोठा करून बादली लवकर भरत नाही.

नांगरफाळ

मी घुग्घुसचा. इथं कोळशाची धूळ काय असते ते चंद्रपूरकडच्या माणसाला विचारा भाऊ. सकाळी पुसलेली गाडी दुपारी काळी. ट्रॅक्टर, जीप, कार, सगळ्यांचे फिल्टर मी हाताने काढले आहेत. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ असायचा, खाली तेल, वर जाळी. पुढे कागदी आले, तेही दुहेरी, बाहेरचा मोठा आणि आत सुरक्षेचा छोटा. शेतीच्या धुळीत मशीन चालवायची म्हणून कंपन्यांनी कागद निवडला, यातच काय ते समजा.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कागदी फिल्टर थोडा मळला की जास्त बारीक गाळतो, कारण बसलेला थरच धूळ धरतो. म्हणून दर सर्व्हिसला "हवा मारून देतो" म्हणणाऱ्याला थांबवा. कंप्रेसरच्या दाबाने कागदाला बारीक भोकं पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मी आता फक्त हलकेच आपटून मोठा कचरा पाडतो आणि वेळेआधी बदलतो. मॅन्युअलमध्ये 40,000 किलोमीटर लिहिलं असलं तरी त्याच पानावर धुळीच्या भागासाठी वेगळी सूचना असते. ती वाचा. आमच्याकडे 10,000 च्या पुढे मी ठेवत नाही.

नानापेठ

माझं सुट्या भागांचं दुकान आहे, तेव्हा माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. चर्चेत "बाहेरचा" या एका शब्दात दोन वेगळ्या वस्तू मिसळल्या जात आहेत. धुण्याचा कॉटन फिल्टर ही एक. दुसरी म्हणजे माहले, बॉश, प्युरोलेटर, इलोफिक अशा नावांचा साधा कागदी फिल्टर. तोही बाहेरचाच, पण यातल्या कित्येक कंपन्या गाड्यांच्या कारखान्यांनाही माल देतात. त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. शोरूमच्या खोक्यापेक्षा शंभरेक रुपये वाचतात.

भीती नकलीची आहे. फिल्टर उजेडासमोर धरा. चुण्या सारख्या अंतरावर हव्यात, टोकाला डिंक सलग हवा, रबर बोटाने दाबल्यावर परत फुगायला हवं. चुण्या मोजा. नकलीत हमखास कमी असतात, कारण कागद वाचवलेला असतो.

मिशिगनवासी

अॅव्हरेजच्या दाव्यावर थोडं. अमेरिकेत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये हेच तपासलं होतं. मुद्दाम तुंबवलेला फिल्टर लावूनही आजच्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांचं अॅव्हरेज फारसं बदललं नाही, कारण हवा कमी आली की संगणक इंधनही कमी देतो. पिकअप मात्र घटलं. संगणकाशिवाय पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत अॅव्हरेजवरही परिणाम दिसला. आता तुंबलेला फिल्टर लावूनही अॅव्हरेज हलत नसेल, तर स्वच्छ कागदाच्या जागी कॉटन घालून ते कुठून वाढणार?

फिल्टर विकत घेताना आयएसओ 5011 चाचणीचे आकडे मागा. त्यात किती धूळ अडवली, किती दाब पडला आणि किती धूळ साठवली, तिन्ही मोजतात. फक्त "हवा जास्त" एवढंच छापलेलं असेल तर बाकीचे दोन आकडे विचारा.

टर्बोवेडा

अॅव्हरेजचा दावा मी केलाच नव्हता, तो दुकानदाराचा. पिकअपवर मी ठाम आहे, आणि पांढरा कपडा खोटं बोलत नाही.

नांगरफाळ

भाऊ, कपड्यावर मोठी धूळ दिसते. रिंग घासते ती डोळ्याला न दिसणारी. ती कपड्यावर नाही, इंजिन ऑइलमध्ये सापडते.

घाटवाट

नानापेठ यांचं बरोबर आहे, म्हणून शीर्षकात "धुण्याचा कॉटन फिल्टर" असं घातलं. भाच्याला तुमच्याच यादीतल्या एका कंपनीचा कागदी फिल्टर सुचवतो. त्याचं रोजचं येणं-जाणं चाकण-तळेगाव रस्त्याने, डंपरच्या मागे. तिथे मला दुसरा पर्याय दिसत नाही.

टर्बोवेडा

ठीक. पुढच्या महिन्यात माझं ऑइल बदलायचं आहे. जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देतो. सिलिकॉन म्हणजे धूळ, लोखंड म्हणजे झीज. जे आकडे येतील ते इथे टाकेन, माझ्या विरुद्ध गेले तरी.

घाटवाट

मनापासून आभार. एक विनंती. त्यानंतरचे दहा हजार किलोमीटर त्याच गाडीत, त्याच रस्त्यांवर, त्याच ऑइलवर नवा कागदी फिल्टर घालून चालवा आणि पुन्हा नमुना द्या. दुसऱ्या तपासणीचा आणि फिल्टरचा खर्च माझ्याकडे.