तरंगता जिना की गोल जिना? स्लॅब पडायच्या आत ठरवायचंय

प्रश्न: खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत ३०५० मिमी उंची आहे. जिन्याला जागा ३६०० × १००० मिमी. आर्किटेक्टचे दोन पर्याय: भिंतीतून बाहेर काढलेल्या ५० मिमी जाडीच्या लाकडी पायऱ्या (रायझर, म्हणजे दोन पायऱ्यांमधली उभी बाजू, बंद नाही, कठडाही नाही), किंवा हॉलच्या कोपऱ्यात १५०० मिमी व्यासाचा लोखंडी गोल जिना. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटा). घरात चार वर्षांचं मूल आणि गुडघे दुखणारी आजी. काय करावं?

उत्तर १: एएसी ब्लॉकमध्ये तरंगती पायरी नकोच. पायरी ९०० मिमी बाहेर आणि १०० किलोचा माणूस टोकावर, म्हणजे मुळाशी ९० किलो-मीटरचा पीळ. भिंतीत १५० मिमी रुतवली तर तिथे दाब झेलायला जेमतेम १०० मिमीचं अंतर मिळतं, म्हणजे ब्लॉकवर सुमारे ९०० किलो. ब्लॉक आधी चुरतो, मग पायरी हलते, मग प्लास्टरला भेग. हाच जिना हवा असेल तर भिंतीच्या आत तिरकी स्टीलची बॉक्स सेक्शन (चौकोनी पोकळ नळी) बसवून ती खालच्या व वरच्या बीमला पक्की करा आणि पायऱ्यांचे हात तिला वेल्ड करा. पीळ तीच घेईल. सेक्शनचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढायचं, फॅब्रिकेटरने अंदाजाने नाही. प्लास्टरनंतर हे काम म्हणजे तोडफोड.

उत्तर २: आधी पायऱ्यांचं गणित. ३६०० मध्ये सरळ जिना बसवला तर १६ रायझर, प्रत्येकी १९० मिमी, आणि पाऊल ठेवायला २४०. चढता येतो, पण आजींना उतरताना त्रास. एल आकार करा: १८ रायझर म्हणजे १६९ मिमी, ट्रेड (पाऊल ठेवायची आडवी जागा) २७०. दोन रायझर अधिक एक ट्रेड = ६०८, हे ६०० ते ६४० मध्ये बसतं. पहिल्या हातात ९ ट्रेड (२४३०), मग वळणावर १००० चा चौक, दुसऱ्या हातात ७ ट्रेड (१८९०). म्हणून आडव्या दिशेला चौकाच्या पुढे आणखी १९०० मिमी लागेल. तेवढं मिळतं का बघा. स्लॅबचं भोक असं ठेवा की डोक्यावर २१०० मोकळे राहतील.

उघड्या रायझरबद्दल: १६९ मधून पायरीचे ५० गेले तर फट ११९ मिमी. लहान मुलासाठी ती १०० च्या आत हवी. पायरीखाली मागच्या कडेला २५ मिमीची पट्टी लावली की ९४ होते.

आणि एक चूक फार होते. काँक्रीटचा जिना ओतताना सगळे रायझर सारखे ठेवतात आणि फरशीची जाडी विसरतात. दोन्ही मजल्यांवर ६० मिमी चढली, पायऱ्यांवर ४०, तर पहिला रायझर २० ने कमी आणि शेवटचा २० ने जास्त. पाय नेमका तिथेच अडखळतो.

उत्तर ३: १५०० च्या गोल जिन्यात १०० चा खांब वजा केला की एका बाजूला ७०० उरतात, रेलिंग लागलं की त्याहून कमी. ३० अंशांच्या पायऱ्या घेतल्या तर खांबापासून ३०० मिमीवर ट्रेड फक्त १८३ मिमी. कपाट, पलंग वर जात नाहीत, स्ट्रेचर तर नाहीच. गच्चीसाठी दुसरा जिना म्हणून ठीक.

प्रश्नकर्ता: एल आकार बसतोय. कठडा काचेचा चालेल?

उत्तर १: चालेल, पण लॅमिनेटेड टफन्ड (मध्ये चिकट थर घालून जोडलेल्या कडक काचा). नुसती टफन्ड फुटली की अख्खी खाली येते आणि कडा उघडी पडते. आडव्या तारा नकोत, मूल शिडीसारखं चढतं. पकडायला ४० मिमी व्यासाचा दांडा पायरीच्या कडेपासून ९०० वर, भिंतीपासून ५० सोडून. आजींसाठी तो दोन्ही बाजूंना.