कझानला जाणाऱ्या पाच वर्षांच्या नातवाचे खेळ आणि खेळण्याचे कपडे

इंदूरची आजी

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा आणि सून येत्या ऑक्टोबरात नोकरीनिमित्त रशियातील कझान येथे राहायला जात असून नातू तेथील बालवाडीत जाणार आहे. येथे तो संध्याकाळभर बागेत सितोलिया (लगोरी) आणि पकडापकडी खेळतो, अंधार पडला तरी घरात येत नाही. तेथे निम्मे वर्ष बर्फ असते म्हणतात, तर मूल खेळणार कुठे आणि काय? हिवाळ्यात इंदुरात तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरांची दुकाने लागतात, तेथून भरपूर घेऊन ठेवावे असा माझा विचार आहे. शिवाय मी स्वतः विणते. काय न्यावे आणि काय नेऊ नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लष्कर-ग्वाल्हेर

काकू, नमस्कार. माझे वैद्यकीय शिक्षण रशियात झाले, त्या आधारावर लिहीत आहे. मूल घरात कोंडले जाईल ही काळजी प्रथम सोडून द्या. तेथील बालवाडीत मुलांना रोज बाहेर नेणे हा दिनक्रमाचाच भाग असतो आणि तो बर्फासाठी थांबत नाही. तापमान उणे 15 अंशांच्या खाली जाऊन वाऱ्याचा वेग सेकंदाला 7 मीटरपेक्षा अधिक झाला, की बाहेरची वेळ कमी करावी असा सरकारी आरोग्य-नियम आहे. जानेवारीत कझानचे सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास असते, म्हणजे बहुतेक दिवस मुले बाहेरच दिसतील.

स्वेटरांचा ढीग मात्र नेऊ नये. खेळणारे मूल घामाघूम होते, अंगालगतचा सुती बनियन भिजतो आणि मूल थांबले की तोच ओला कपडा त्याला गारठवतो. म्हणून आत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारा, आतून अस्तर भरलेला अंगभर पोशाख, ज्याला तेथे ‘कोम्बिनेझोन’ म्हणतात, अशी रचना असते. हा बाहेरचा पोशाख आणि बूट तेथेच घ्यावेत, कारण तेथल्या दुकानांत ते तेथल्या थंडीच्या हिशोबाने मिळतात. बूट मात्र नेमक्या मापाचे घेऊ नयेत. लोकरी मोजा घातल्यावरही बोटे हलली पाहिजेत, कारण आवळलेला पाय लवकर गार पडतो.

आपले विणकाम वाया जाणार नाही. मधल्या थरासाठी हलका, गळ्यापर्यंत बंद स्वेटर उत्तम, आणि आपली माकडटोपी तर तेथे मुलांच्या डोक्यावर सर्रास दिसते. ती कपाळ, कान व गळा एकदमच झाकते, त्यामुळे घसरगुंडीत अडकू शकणारा लांब मफलर लागत नाही. हातमोजे बोटांचे न विणता एकत्र पंजाचे विणावेत, ते अधिक उबदार राहतात. दोन्ही मोजे एका लांब दोरीने जोडून ती दोरी बाह्यांमधून ओवण्याची तेथे जुनी पद्धत आहे. तेवढे केले तर बरेच मोजे हरवण्यापासून वाचतील.

बडोदेकर

कपड्यांचे वर आलेच आहे, म्हणून खेळांविषयी लिहितो. वसाहतीतील इमारतींच्या मधल्या अंगणाला रशियन मुलांच्या जीवनात मोठे स्थान आहे. हिवाळ्यात तेथेच बर्फाचा उतार केला जातो आणि मुले प्लास्टिकच्या पसरट तबकडीवर बसून खाली घसरतात. लहानग्यांना घसरगाडीत बसवून पालक बालवाडीपर्यंत ओढतही नेतात. लाकडी कठडा घातलेल्या पटांगणावर पाणी सोडून ते गोठवले, की हॉकीचे मैदान तयार. 1964 पासून चालत आलेल्या ‘झोलोताया शायबा’ या मुलांच्या हॉकी स्पर्धेची मुळे अशाच अंगणांत आहेत. पाच वर्षांच्या मुलासाठी मात्र बर्फाचा माणूस, बर्फाचा किल्ला आणि गोळ्यांची लढाई एवढे पुरेसे आहे.

बर्फ वितळल्यावर आपल्या नातवाला परके वाटावे असे फारसे काही उरत नाही. ‘झ्मुर्की’ ही आंधळी कोशिंबीरच आहे, ‘क्लासिकी’ म्हणजे खडूने चौकोन आखून खेळलेली ठिकरी. ‘समुद्र खवळला एक, समुद्र खवळला दोन’ असे म्हणत तिसऱ्या वेळी सर्वांनी पुतळ्यासारखे थिजायचे, हा खेळ बालवाडीत हमखास होतो आणि त्याला भाषा फारशी लागत नाही, म्हणून नव्या मुलासाठी तो विशेष सोयीचा. थोडे मोठे झाल्यावर ‘चिझिक’ कळेल: दोन्ही टोके निमुळती असलेला लाकडाचा तुकडा दांड्याने उडवून हवेतच टोलवायचा, म्हणजे अगदी आपला विटीदांडू. ‘लाप्ता’मध्ये चेंडू टोलवून समोरच्या रेषेपर्यंत पळत जाऊन परत यायचे असते, नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहराच्या उत्खननात मध्ययुगीन काळातील त्याचे चेंडू आणि दांडे सापडले आहेत. आता हे दोन्ही खेळ अंगणात क्वचितच दिसतात, मोबाईल तेथेही पोहोचलेला आहेच.

इंदूरची आजी

आपणा दोघांचे आभार. सूनबाईंना सर्व वाचून दाखवले. त्यांनी चित्रांत नमद्याचे उंच बूट पाहिले आहेत, ते घ्यावेत काय? आणि बर्फावरून घसरण्यात धोका नाही ना?

लष्कर-ग्वाल्हेर

त्या बुटांना ‘वालेन्की’ म्हणतात. मेंढीच्या लोकरीपासून केलेले हे बूट कोरड्या कडाक्याच्या थंडीत अतिशय उबदार, पण पाणी लागले की निकामी, म्हणून त्यांवर रबरी आवरण चढवतात. ती मंडळी पोहोचतील तो काळ चिखलाचा असेल, तेव्हा आधी पाणी न शिरणारे साधे बूट घ्यावेत आणि वालेन्कीचा विचार डिसेंबरानंतर करावा.

धोका आहे, पण तो टाळता येतो. उतार रस्त्यावर किंवा झाडांच्या दिशेने संपत नाही ना, हे आधी पाहावे आणि मुलाला बसूनच घसरू द्यावे. हवा भरलेली गोल रबरी ‘वात्रुश्का’ मात्र इतक्या लहान वयात देऊ नये, कारण ती वेगात गरगर फिरते आणि वळवता येत नाही. मार्चमध्ये छपरांवरून बर्फाचे सुळके कोसळतात, म्हणून भिंतीलगत खेळू देऊ नये. हिवाळ्यात दुपार सरताच अंधारू लागते, तेव्हा बाहेरच्या पोशाखावर प्रकाशात चमकणाऱ्या पट्ट्या आहेत याची खात्री करून घ्यावी. बालवाडीसाठी घरात घालायच्या चपला आणि कपड्यांचा एक सुटा जोड पिशवीत ठेवावा. ओले कपडे वाळवण्यासाठी तेथे गरम हवेची कपाटे असतात, तरीही सुटा जोड लागतोच.