तेल पाण्यापेक्षा हलकं, तर भरलेला टँकर बुडतो कसा? (डिक्सी ॲरो, १९४२)

खाडीकाठ
२६ मार्च १९४२ च्या सकाळी नऊच्या सुमारास केप हॅटेरसजवळ, म्हणजे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्यापाशी, 'डिक्सी ॲरो' हा ८,०४६ टनी (हे ग्रॉस टन, म्हणजे आकारमानाचं माप, वजनाचं नव्हे) टँकर जर्मन पाणबुडी यू-७१ ने तीन टॉर्पेडो मारून बुडवला. टेक्सास सिटीहून न्यू जर्सीतल्या पॉल्सबरोला ९६,००० पिंपं कच्चं तेल चाललं होतं. सोबतीला संरक्षक जहाज नव्हतं. ३३ जणांपैकी ११ गेले, त्यात कप्तानही होता.
प्रश्न दोन. पोटात पाण्यापेक्षा हलका माल असताना हे जहाज बुडलं का? आणि सुकाणूवरच्या ऑस्कर चॅपेल या खलाशाने जहाज वळवलं म्हणून पुढची माणसं वाचली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. वळवल्याने नेमकं काय झालं?

गोदीकर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच आहे. ९६,००० पिंपं म्हणजे साधारण १५,२६० घनमीटर. कच्च्या तेलाची घनता ०.८६ धरली तर वजन १३,१०० टनांच्या आसपास. समजा सगळ्या टाक्या फुटल्या आणि तेलाची जागा समुद्राच्या पाण्याने (१.०२५) घेतली, तरी जहाजावर वाढणारं ओझं २,५०० टनांच्या घरात. एकच हजार घनमीटरची टाकी फुटली तर जेमतेम १६५ टन. म्हणून भरलेल्या टँकरला एक टॉर्पेडो बहुधा पुरत नसे.

इंजिनरूमचं गणित मात्र अगदी वेगळं. तिथे हवा असते. यंत्रं, बॉयलर यांनी अडवलेली जागा वजा केली तरी हजार घनमीटरमागे ८५-८७ टक्के पाणी आत शिरतं, म्हणजे जवळपास ८७० टन, आणि तेही थेट जहाजाच्या शेपटीला. मागचा भाग खाली गेला की पुढचा उचलला जातो, पंप बंद, वीज बंद. पाणबुडीचे कप्तान टँकरच्या धुराड्याखाली नेम धरत, त्याचं कारण हेच.

डिक्सी ॲरोवर तिसरीच गोष्ट घडली, ती म्हणजे कणा मोडला. भरलेल्या टँकरचा भार मधोमध आणि तरंगण्याची ताकद टोकांना, त्यामुळे तो मधे खाली वाकलेलाच असतो. डेकचा पत्रा दाबला जातो आणि तळाचा ताणला जातो. पहिला टॉर्पेडो जहाजाच्या मधोमध डेकवर असलेल्या घराशी लागला. मिनिटभराने दुसरा आणि तिसरा मध्याच्या जरा मागे, एकमेकांजवळ लागले. लागोपाठ दोन भगदाडं पडली की बाजूचा पत्रा आणि आतली उभी भिंत दोन्ही तुटतात आणि ताण पेलायला तळाची थोडीशीच पट्टी उरते. त्या काळच्या जर्मन टॉर्पेडोच्या डोक्यात २८० किलो स्फोटक असे. एकच लागला असता तर हे जहाज ओढत बंदरात नेता आलं असतं, असं मला वाटतं.

वाराफणी
दुसऱ्या प्रश्नासाठी आधी जुन्या टँकरचा आराखडा डोळ्यांसमोर आणा. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, एक उंचवटा, मधे ब्रिज (जहाज चालवायची जागा) आणि अधिकाऱ्यांचं घर, मागे इंजिन आणि खलाशांच्या खोल्या. लाटा डेकवरून जातात म्हणून तिन्ही भाग जोडणारा उंच अरुंद पूल असतो. मधे स्फोट झाला की तो पूल जातो आणि पुढची माणसं पुढे, मागची मागे अडकतात.

इथे मधला भाग पेटला होता आणि ज्वाळा नाळेवर अडकलेल्यांकडे झुकत होत्या. चॅपेलने सुकाणू पूर्ण उजवीकडे फिरवून जहाजाचं तोंड वाऱ्यात आणलं. वारा समोरून येऊ लागताच आग नाळेवरून हटली आणि मागे वळली. मागे म्हणजे थेट ब्रिजवर, तो स्वतः उभा होता तिथे. त्याने सुकाणू सोडलं नाही. मरणोत्तर त्याला मर्चंट मरीनचं, म्हणजे अमेरिकेच्या व्यापारी जहाजसेवेचं, सर्वोच्च पदक देण्यात आलं आणि एका लिबर्टी जहाजाला (युद्धकाळात घाऊक बांधलेलं मालवाहू जहाज) त्याचं नाव दिलं गेलं.

यात एक अडचण दडलेली आहे, ती फारसं कोणी लिहीत नाही. सुकाणू लागू पडायला जहाजाला गती हवी आणि होडी उतरवायला जहाज थांबलेलं हवं. चालत्या जहाजावरून होडी पाण्याला टेकली की ओढली जाऊन उलटते, किंवा मागे पंख्याखाली जाते. इंजिनरूमशी संपर्क तुटलेला असताना या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. वाचलेल्या २२ जणांना 'टार्बेल' या विनाशिकेने उचललं.

पाण्यावर तेल पेटलं असेल तर उडी नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने मारायची, कारण जळतं तेल वाऱ्याबरोबर दुसऱ्या बाजूला सरकतं. जाड लाइफजॅकेट घालून बुडी मारता येत नाही, म्हणून ते काढायचं, पाण्याखालून वाऱ्याच्या दिशेने पोहायचं, वर येताना हातांनी पाणी उडवून तेल बाजूला सारायचं, एक श्वास घ्यायचा आणि परत खाली. त्या काळी खलाशांना हेच शिकवत.

खाडीकाठ
मग रिकामा परतणारा टँकर जास्त सुरक्षित म्हणायचा का? जळायला काहीच नाही.

गोदीकर
उलट, आगीच्या दृष्टीने तो जास्त घातक. तेल उपसलं तरी भिंतींवरचा थर आणि तळाचा गाळ वाफ सोडत राहतो. ही वाफ हवेपेक्षा जड, ती टाकीच्या तळाशी साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण १ ते १० टक्के असताना ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. भरलेल्या टाकीत माथ्याशी थोडीशी जागा आणि तिथे वाफ बहुधा इतकी दाट की पेट घेत नाही. रिकामी टाकी म्हणजे हजार घनमीटरचा बॉम्ब. उपाय म्हणजे गरम खाऱ्या पाण्याच्या फिरत्या फवाऱ्याने धुणं आणि मग कापडी पंखनळीने वरची हवा तळापर्यंत उतरवणं. घाईत धुणं अर्धवट राहिलं तर गाळ ढवळला जाऊन वाफ आणखी वाढते. धुतलेला रिकामा टँकर मात्र खरोखर चिवट, कारण तरंगायची राखीव ताकद भरपूर.

बंदरवाडी
एक भर. अमेरिकेने या किनाऱ्यावर संरक्षक जहाजांसोबत ताफे चालवायला मे १९४२ च्या मध्यात सुरुवात केली, म्हणजे डिक्सी ॲरो गेल्यानंतर सात आठवड्यांनी. जानेवारीत पाणबुड्या आल्यापासून टँकर एकेकटे पाठवले जात होते, आणि हॅटेरसच्या उथळ दांड्यांना वळसा घालायला सगळ्यांना एकाच अरुंद वाटेने जावं लागे. पाणबुडीला शोधत फिरायची गरजच नव्हती. शेवटी टेक्सासहून पूर्व किनाऱ्याकडे २४ इंची नळ टाकला, 'बिग इंच', ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४३ या वर्षभरात. त्यामुळे बरंच तेल समुद्रावरून जमिनीवर आलं.

डिक्सी ॲरोवरचे लोक अमेरिकी होते. पण ब्रिटिश झेंड्याखालच्या अनेक टँकरवर सारंग, तांडेल (खलाशांचे मुकादम), आगवाले (बॉयलरवरचे), तेलवाले (यंत्रांना तेल देणारे), भंडारी (स्वयंपाकी) आपल्याकडचे असत, रत्नागिरीचे आणि गोव्याचेही. समुद्रात गेल्यामुळे ज्यांना कबर नाही अशा ६,००० हून अधिक नौसैनिक आणि व्यापारी खलाशांची नोंद मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात आहे. घरातलं कोणी शोधत असाल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या मोफत यादीत आडनावाने शोधू नका. कोकणी मुसलमान खलाशांची नोंद बऱ्याचदा नुसत्या नावाने आणि वडिलांच्या नावाने केलेली असते, आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. जहाजाचं नाव आणि मृत्यूची तारीख माहीत असेल तर आधी तारखेने गाळा, मग त्या जहाजाची सगळी नावं एकेक करून मोठ्याने वाचा. ऐकल्यावर ओळखू येतात.