लिव्हरची सूज बायोप्सीशिवाय कळते का?

प्रश्न:
बाबांचा एसजीपीटी (रक्तातलं लिव्हरचं एन्झाइम) १८० आलाय, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ आणि फायब्रोस्कॅनला ११.४ किलोपास्कल. घरात सगळे हादरलेत, कारण नेटवर आकडा टाकला की थेट सिरॉसिसचंच येतं. डॉक्टर म्हणाले यात सुजेचा भाग असू शकतो. पण ती सूज नक्की किती, हे सुई न टोचता कुठल्या स्कॅनमध्ये दिसतं का? बाबा बायोप्सीला अजिबात तयार नाहीत.

उत्तर १:
आधी सोनोग्राफीचं, तो ग्रेड २ चरबीचा आहे, सुजेचा नाही, यात खूप जणांचा गोंधळ होतो. आणि फायब्रोस्कॅन मोजतं कडकपणा. बरगड्यांमधून हलका धक्का देतात आणि ती लहर लिव्हरमधून किती वेगात जाते ते मशीन बघतं, लिव्हर जितकं कडक तितकी लहर जोरात. आता हा कडकपणा फायब्रोसिसमुळे, म्हणजे लिव्हरमध्ये व्रण साठल्यामुळे, येतो तसाच सुजेमुळे येतो, पित्ताचा मार्ग अडला तरी येतो, हार्ट कमजोर असून लिव्हरमध्ये रक्त साठलं तरी येतो, आणि नुसतं खाऊन गेलं तरी आकडा वर जातो. निदान ३ तास उपाशी लागतं. बाबा उपाशी होते का?

प्रश्नकर्ता:
नाही हो, नाश्ता करून तासाभरात टेस्ट झाली, कुणी सांगितलंच नाही!

उत्तर १:
मग त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. डॉक्टरांना हे सांगा आणि उपाशीपोटी परत करायची का ते विचारा.

उत्तर २:
फक्त सूज वेगळी काढून दाखवेल असा स्कॅन रोजच्या वापरात नाही. त्यातल्या त्यात जवळ जातो तो एमआरआयमधला करेक्टेड टी१, म्हणजे एमआरआयने लिव्हरचा मोजलेला एक आकडा. सुजेच्या जागी पाणी वाढतं म्हणून टी१ वाढतो, लिव्हरमध्ये लोह जास्त असेल तर तो खोटा कमी दिसतो म्हणून तेवढी दुरुस्ती करतात. पण फायब्रोसिसनेही तो वाढतोच, म्हणजे दोन्ही मिसळूनच येतं. एमआरआय पीडीएफएफ सांगितलं तर ते चरबीसाठी.

उत्तर ३:
मला ऑटोइम्यून हेपेटायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर हल्ला करते. सुरुवातीला फायब्रोस्कॅन १४ होतं, औषधं चालू झाल्यावर ६ महिन्यांनी ७. व्रण इतक्या लवकर विरत नाहीत, त्यामुळे उतरली ती बहुतेक सूजच असं डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा कुठे जीवात जीव आला. पण ताई, बायोप्सी मलाही करावी लागली, कारण सूज कशामुळे आहे ते स्कॅन सांगत नाही. बाबांची हेपेटायटिस बी, सी आणि ऑटोइम्यूनची रक्ततपासणी झालीय का? चालू औषधांची यादीपण दाखवा, आयुर्वेदिक आणि सप्लिमेंटसकट.